डूलॅली: सॅक्रामेंटो किंग्ज, तरुण पोरं आणि वाट बघण्याची गोष्ट

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही, बसमध्ये किंवा लेक्चरला मागच्या बाकावर बसून वाचायला बरं पडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलताना जिथे जिथे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी सगळं तसंच आहे.

आज सुरुवात एका शब्दापासून. इंग्रजीत एक शब्द आहे, 'डूलॅली'. डोकं फिरलेला, वेडा झालेला. हा शब्द कुठून आला माहितीये? आमच्या देवळालीतून! १८६१ साली ब्रिटिशांनी इथे ट्रान्झिट कॅम्प काढला. नोकरीची मुदत संपलेले गोरे सैनिक इथे येऊन थांबायचे आणि मुंबईहून मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघायचे. जहाजं ठरावीक मोसमातच निघायची. त्यामुळे काही जण महिनोन्‌महिने इथेच पडून असायचे. काम नाही, ऊन आहे, मलेरिया आहे. हळूहळू माणसं सैरभैर व्हायची. त्याला नाव पडलं 'डूलॅली टॅप'. त्यातला 'टॅप' म्हणजे आपला ताप. वाट बघून बघून चढलेला देवळालीचा ताप.

आता तुम्ही म्हणाल, भाग बास्केटबॉलचा आणि हा कॅम्पाचा इतिहास काय सांगत बसलाय! सांगतो. अमेरिकेत एक शहर आहे, सॅक्रामेंटो. तिथल्या व्यावसायिक संघाचं नाव किंग्ज. या संघाला सलग १६ सीझन प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी, गाठता आली नाही. एनबीएच्या इतिहासात एवढा मोठा दुष्काळ दुसऱ्या कुठल्याच संघाच्या वाट्याला आलेला नाही. अख्ख्या शहराला डूलॅली टॅप! आणि या संघाच्या मालकाचं नाव आहे विवेक रणदिवे. जन्म मुंबईचा, आडनाव आपलं.

आजचा प्रश्न साधा आहे. एखाद्या संघाकडे चांगली तरुण पोरं असणं म्हणजे त्या संघाला भविष्य असणं, असं खरंच असतं का?

गावोगाव फिरलेला संघ

थोडं मागे जाऊ. किंग्ज हा एनबीएमधल्या सगळ्यात जुन्या संघांपैकी एक. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर गावात तो 'रॉचेस्टर रॉयल्स' होता. १९५१ मध्ये त्यांनी विजेतेपद जिंकलं. पहिलं आणि आजवरचं शेवटचं. १९५७ मध्ये संघ सिनसिनाटीला गेला, १९७२ मध्ये कॅन्सस सिटीला. तिथे रॉयल्सचे किंग्ज झाले आणि १९८५ मध्ये बाडबिस्तरा घेऊन सॅक्रामेंटोला आले.

रॉयल्सच्या काळातली एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९५५ मध्ये दोन तरुण खेळाडू एकाच वेळी संघात आले. मॉरिस स्टोक्स आणि जॅक ट्वायमन. स्टोक्स कृष्णवर्णीय, ट्वायमन गोरा, आणि काळ १९५० च्या दशकातल्या अमेरिकेचा. स्टोक्स पहिल्याच वर्षी 'रूकी ऑफ द इयर' झाला. ताकद, उंची, पासिंग, सगळं एकाच माणसात. मार्च १९५८ मध्ये एका मॅचमध्ये तो पडला, डोकं जमिनीवर आपटलं, शुद्ध गेली. शुद्धीवर आणून त्याला परत खेळवलं. तीन दिवसांनी तो आणखी एक मॅच खेळला आणि परतीच्या विमानात कोसळला. नंतर कोमा, आणि मग संपूर्ण शरीराला लकवा.

वय २४. पैसे संपले, उपचारांचा खर्च थांबेना. तेव्हा ट्वायमन कोर्टाच्या परवानगीने स्टोक्सचा कायदेशीर पालक झाला. वय जवळपास तेवढंच, घरी स्वतःचा संसार. दवाखान्याच्या बिलांसाठी तो प्रदर्शनीय सामने भरवायचा. १९७० मध्ये स्टोक्स गेला, तोवर ट्वायमनने त्याची साथ सोडली नाही. आज एनबीए दरवर्षी सर्वोत्तम सहकाऱ्याला जो पुरस्कार देते त्यावर या दोघांची नावं आहेत.

त्याच संघात १९६० मध्ये ऑस्कर रॉबर्टसन आला. १९६१-६२ च्या सीझनमध्ये त्याची सरासरीच 'ट्रिपल डबल' होती, म्हणजे दर मॅचला गुण, रिबाउंड आणि असिस्ट, तिन्ही दोन आकडी. असं करणारा तो पहिलाच. दहा सीझन त्याने रॉयल्सला दिले, विजेतेपद काही आलं नाही. १९७० मध्ये संघाने त्याला मिलवॉकीला देऊन टाकलं. पुढच्याच वर्षी, १९७१ मध्ये, मिलवॉकी चॅम्पियन! आपल्याकडचा माणूस दुसरीकडे जाऊन जिंकतो, हे या संघाचं दुखणं इतकं जुनं आहे. पुढेही ते भेटत राहणार आहे.

रणदिवे येतात

विवेक रणदिवेंनी लहानपणी बास्केटबॉल खेळलेलं नाही. सोळाव्या वर्षी डोक्यात एमआयटी शिरलं. १९७० च्या दशकात परदेशी शिकायला जायचं तर परकीय चलनासाठी सरकारची परवानगी लागायची. हे पोरगं रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरच्या ऑफिसबाहेर ठाण मांडून बसलं आणि परवानगी मिळाल्यावरच उठलं, असा किस्सा माल्कम ग्लॅडवेलने २००९ मध्ये 'न्यूयॉर्कर'मध्ये लिहिलाय. पुढे रणदिवेंनी सॉफ्टवेअर कंपन्या काढल्या. शेअर बाजारातली माहिती क्षणात इकडून तिकडे पोचवायची, हा त्यांचा धंदा. त्यातली टिबको सगळ्यात मोठी.

ग्लॅडवेलचा लेख मुळात त्यांच्या मुलीच्या संघावर आहे. रेडवूड सिटीतल्या बारा वर्षांच्या मुली, आणि कोच कोण, तर रणदिवे. त्यांना एक गोष्ट विचित्र वाटली. बास्केट केली की सगळे संघ पळत मागे जातात आणि समोरच्याला अर्ध्या मैदानापर्यंत आरामात येऊ देतात. का बुवा? त्यांनी मुलींना सांगितलं, मागे जायचंच नाही. पूर्ण मैदानभर, पूर्ण वेळ समोरच्याच्या अंगावर जायचं. फारशा न खेळलेल्या त्या मुली थेट राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोचल्या.

२०१३ मध्ये किंग्ज सिअ‍ॅटलला जाणार हे जवळपास ठरलं होतं. सिअ‍ॅटलचा स्वतःचा संघ २००८ मध्ये ओक्लाहोमा सिटीला गेला होता, त्यामुळे त्यांना नवीन हवा होता. रणदिवे तेव्हा गोल्डन स्टेट वॉरियर्सच्या मालकांपैकी एक होते. तो हिस्सा सोडून त्यांनी एक गट उभा केला, किंग्ज विकत घेतले आणि संघ सॅक्रामेंटोतच ठेवला. किंमत धरली होती ५३.४ कोटी डॉलर. शहराने त्यांना डोक्यावर घेतलं. तीन वर्षांत शहराच्या मध्यभागी नवीन स्टेडियमही उभं राहिलं.

सगळं होतं. फक्त जिंकणं नव्हतं.

ड्राफ्ट म्हणजे काय भानगड?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एनबीएमध्ये आयपीएलसारखा लिलाव नसतो. दरवर्षी नवीन पोरांची निवड होते, त्याला ड्राफ्ट म्हणतात. जे संघ हरलेत त्यांचा नंबर आधी लागतो, म्हणजे दुबळ्याला आधार. पण कोणी मुद्दाम हरू नये म्हणून वरचे नंबर लॉटरीने ठरतात. निवडलेलं पोरगं पहिली चार वर्षं साधारण स्वस्तात तुमच्याकडे असतं. तेवढ्यात त्याला घडवायचं, संघ बांधायचा, आणि तो राहील असं काहीतरी करून दाखवायचं.

म्हणून हरणाऱ्या संघाचे चाहते मार्चपासूनच मॅच सोडून ड्राफ्टकडे बघायला लागतात. 'यंदा जाऊ दे, पुढच्या वर्षी पोरगं चांगलं मिळेल.' किंग्जचे चाहते हे वर्षानुवर्षं म्हणत होते.

२०१८ मध्ये लॉटरी लागलीच. किंग्जला दुसरा नंबर मिळाला. त्यांनी घेतला मार्विन बॅगली. तिसऱ्या नंबरवर गेला लुका डॉन्चिच, जो त्याच रात्री डॅलसकडे पोचला आणि २०२४ मध्ये डॅलसला अंतिम फेरीत घेऊन गेला. यावर आजही मीम्स फिरतात, तुम्ही बघितले असतील. बॅगलीला नावं ठेवणं सोपं आहे, पण त्याने स्वतःला दुसऱ्या नंबरवर निवडलं नव्हतं. एकोणीस वर्षांचं पोरगं. आयुष्यभर 'लुकाच्या आधी घेतलेला' हा शिक्का.

वरळीतल्या दोन रात्री

आता आपल्या मातीत येऊ. ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९. मुंबई, वरळीचं एनएससीआय डोम. भारतातल्या पहिल्या एनबीए मॅचेस: सॅक्रामेंटो किंग्ज विरुद्ध इंडियाना पेसर्स. जन्मगावात स्वतःचा संघ घेऊन आलेले रणदिवे. पहिल्या मॅचला स्टेडियममध्ये सुमारे ३ हजार शाळकरी मुलं. आणि काय मॅच झाली! जादा वेळेपर्यंत ताणली गेली, पेसर्स १३२, किंग्ज १३१. दुसऱ्या दिवशीही पेसर्सच, १३०-१०६.

त्या दिवशी किंग्जकडे कोण होतं बघा. डी'आरन फॉक्स, २०१७ चा पाचव्या नंबरचा, वीज चमकावी तसा पळणारा. मार्विन बॅगली. तिघांवर हात असले तरी लांबून टाकणारा बडी हील्ड. आदल्या सीझनमध्ये या संघाने ३९ मॅचेस जिंकल्या होत्या, कित्येक वर्षांतली सगळ्यात चांगली कामगिरी. 'भविष्यातला संघ' अशीच त्यांची ओळख होती. फक्त ३९ जिंकून देणाऱ्या कोचला मुंबईला यायच्या आधीच काढलं होतं.

आणि आज? फेब्रुवारी २०२२ मध्ये हील्ड पेसर्सकडे गेला, बॅगली डेट्रॉइटला. फेब्रुवारी २०२५ मध्ये फॉक्स सॅन अँटोनिओला. वरळीत चमकलेल्या त्या भविष्यातलं कोणीच उरलं नाही.

इथे मला कॅम्पातल्या शाळेची आठवण येते. देवळालीत वर्गातली निम्मी पोरं फौजींची. आमच्या शाळेच्या संघात दरवर्षी एखादा भारी खेळाडू असायचा आणि दरवर्षी एप्रिलमध्ये त्याच्या वडिलांची पोस्टिंग यायची. जोधपूर, तेजपूर, कुठेही. काळ्या ट्रंकांवर पांढऱ्या रंगात नाव-पत्ता रंगवला जायचा, ट्रक यायचा, आणि जूनमध्ये परत पहिल्यापासून सुरुवात. एक फरक आहे. आमच्याकडे पोस्टिंगचा हुकूम वरून यायचा, कोणाच्याच हातात नसायचा. किंग्जच्या बाबतीत हुकूम देणारे आणि रडणारे एकाच घरातले.

जांभळा झोत

पण थांबा, गोष्ट एवढी एकतर्फी नाही. २०२० मध्ये किंग्जला बाराव्या नंबरवर टायरीस हॅलिबर्टन मिळाला होता. उंच, सडपातळ, फेकण्याची पद्धत वेडीवाकडी, पण मैदान असं वाचणार की बास. हील्डबरोबर यालाही पेसर्सला देऊन टाकलं. बदल्यात मुख्य माणूस आला डोमांतास सबोनिस. हा २०१९ मध्ये पेसर्सच्या त्याच संघात होता. म्हणजे वरळीत समोरासमोर आलेल्या दोन संघांनी आपसातच भविष्याची अदलाबदल केली!

त्या दिवशी चाहते चिडले. बाविशीही न गाठलेला मुलगा, असा कसा दिला? पण झालं उलटंच. नवीन कोच माइक ब्राउन आले. फॉक्स आणि सबोनिसची जोडी जमली. किगन मरे नावाच्या नवख्याने पहिल्याच सीझनमध्ये २०६ थ्री पॉइंटर मारून नवख्यांचा विक्रम मोडला. ४८ विजय. मॅच जिंकली की स्टेडियमच्या छतावरून आकाशात जांभळ्या लेझरचा झोत सोडायचा, ही प्रथा त्याच वर्षी सुरू झाली. सॅक्रामेंटोत रात्री सातला मॅच असते तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसात-साडेआठ. मी लॅम रोडला रिक्षाची वाट बघत फोनवर तो झोत बघितलाय. आपला ना त्या शहराशी संबंध, ना त्या पोरांशी, तरी अंगावर काटा यायचा.

२०२३ च्या प्लेऑफमध्ये समोर वॉरियर्स, म्हणजे रणदिवेंचाच जुना संघ. सात मॅचेस. सातव्या मॅचमध्ये स्टीफन करीने एकट्याने ५० गुण केले आणि किंग्ज घरी गेले. तरी कोणी खचलं नाही. संघ तरुण होता, वाटलं, आता तर कुठे सुरुवात झालीये.

ती सुरुवातच शिखर ठरली. ब्राउन २०२३ चे सर्वोत्तम कोच, तेही एकमताने. जून २०२४ मध्ये त्यांचा करार वाढवला आणि डिसेंबरमध्ये त्यांना काढलं. दीड महिन्यात फॉक्सही गेला. रणदिवे आल्यापासून, २०१३ ते २०२५, हंगामी धरून आठ कोच झाले. त्यांच्या काळातले पहिले कोच माइक मलोन. २०१४ मध्ये दुसऱ्याच सीझनच्या मध्यात त्यांना घालवलं. ते डेन्व्हरला गेले. तिथेही पहिली तीन वर्षं प्लेऑफ नाही. पण डेन्व्हर थांबलं, आणि २०२३ मध्ये मलोन चॅम्पियन झाले. ऑस्कर रॉबर्टसनचीच गोष्ट, फक्त कोचच्या खुर्चीतली.

ओक्लाहोमाने काय केलं?

आता सिअ‍ॅटलमधून निघून ओक्लाहोमा सिटीला गेलेला तो संघ घ्या. थंडर. २०१९ मध्ये त्यांनी आपला स्टार पॉल जॉर्ज दिला आणि एक तरुण पोरगा, शे गिल्जस-अलेक्झांडर, अधिक भविष्यातल्या ड्राफ्टच्या संधींचं गाठोडं घेतलं. २०२० मध्ये मार्क डेग्नॉल्ट नावाचा, फारसं कोणाला माहीत नसलेला कोच नेमला. निकाल ऐका. २२ विजय, ५० पराभव. पुढच्या वर्षी २४-५८. किंग्जने तीन कोच बदलले असते! थंडरने एकही बदलला नाही. मग ४०-४२, मग ५७-२५, मग ६८-१४ आणि २०२५ चं विजेतेपद. गाठोड्यातल्याच एका संधीतून, बाराव्या नंबरवर, त्यांना जेलन विल्यम्स मिळाला होता. बारावा. हॅलिबर्टनचाच नंबर.

आणि अंतिम फेरीत समोर कोण होतं? पेसर्स, हॅलिबर्टनला घेऊन. सातव्या मॅचमध्ये त्याच्या पायाचा स्नायुबंध तुटला, तो मैदानावर जमिनीवर हात आपटत राहिला. तरुण खेळाडूचं भविष्य किती नाजूक असतं ते स्टोक्सपासून इथपर्यंत तेच आहे. एक पाऊल चुकीचं पडलं की खलास. फरक एवढाच की आज करार आहे, डॉक्टर आहेत, संघ वाट बघतो.

तर माझं म्हणणं असं. तरुण खेळाडू मिळवणं हा अर्धा भाग नशिबाचा आहे, लॉटरीचा. दुसरा अर्धा भाग कंटाळवाणा आहे: तोच कोच, तीच पद्धत, हरतानाही तेच काम. देवळालीत गोरे सैनिक वेडे झाले कारण त्यांच्याकडे वाट बघताना करायला काहीच नव्हतं. थंडरकडे होतं. किंग्जकडे अधूनमधून होतं.

आणि आपलं काय?

मलोन-डेग्नॉल्टची गोष्ट आपल्याला का लागू आहे ते सांगतो. डेग्नॉल्ट २०१४ ते २०१९ थंडरच्या विकास संघाचे, ओक्लाहोमा सिटी ब्लूचे कोच होते. त्या संघात २०१७-१८ मध्ये आपला अमज्योत सिंग खेळला. म्हणजे पुढे चॅम्पियन झालेल्या त्या कोचच्या हाताखाली एक भारतीय होता. २०१५ मध्ये सतनाम सिंग भामराला डॅलसने ५२ व्या नंबरवर निवडलं, ड्राफ्टमध्ये निवडलेला पहिला भारतीय. त्याच वर्षी रणदिवेंच्या किंग्जने सिम भुल्लरला उतरवलं, एनबीएत खेळलेला भारतीय वंशाचा पहिला खेळाडू. तीन मॅचेस. सतनाम एनबीएची एकही मॅच खेळला नाही, आज तो अमेरिकेत व्यावसायिक कुस्तीच्या रिंगणात आहे.

पोरं आहेत, हे दिसतंय ना? पण त्यांना सामावून घेणारा संघ? २०१५ मध्ये यूबीए लीग सुरू झाली, तिच्यात पुणे पेशवाज आणि मुंबई चॅलेंजर्स होते. २०१७ नंतर ती बंद. २०२५ मध्ये २५ वर्षांखालच्यांसाठी आयएनबीएल प्रो लीग झाली, तिच्यात मुंबई टायटन्स. चांगली कल्पना आहे. मधल्या काळात चांगल्या खेळाडूचं भविष्य म्हणजे रेल्वे, सैन्यदल, पोलीस किंवा ओएनजीसीची नोकरी. मी नोकरीला हसणार नाही. कॅम्पात राहून कोण हसेल? त्या नोकऱ्यांमुळेच हा खेळ इथे टिकला. पण नोकरी खेळाडूला सांभाळते, संघाला वाढवत नाही. पुणे पेशवाजच्या पोराला तिसऱ्या वर्षी काय करायचं ते कोणी सांगितलं नाही, कारण संघच उरला नव्हता.

म्हणून आपल्याकडे नवीन लीगची घोषणा झाली की मी आता खेळाडूंची नावं आधी बघत नाही. मी बघतो, गेल्या वर्षीचा कोच आहे का. गेल्या वर्षीचं मैदान आहे का. गेल्या वर्षीची सहा-सात पोरं परत आलीयेत का.

किंग्जकडे पुन्हा नवीन पोरं आहेत. किगन मरे आहे, २०२४ च्या ड्राफ्टमधला डेव्हन कार्टर, २०२५ चे नीक क्लिफर्ड आणि सात फुटी फ्रेंच मॅक्झिम रेनो. कोच डग क्रिस्टी, जे २००२ च्या किंग्जमध्ये स्वतः खेळले, जेव्हा हा संघ अंतिम फेरीपासून एका मॅचवर थांबला होता. चांगली माणसं वाटतात. जिंकतील का, ते नंतर बघू. तीन वर्षांनी यातले किती तिथेच असतील, ते मोजायला मला जास्त आवडेल.

तुमच्या गावात, शाळेत, कॉलेजात एखादा संघ असेल जो पाच वर्षं त्याच कोचबरोबर टिकलाय, तर मला नक्की कळवा. त्यांच्यावर एक अख्खा भाग करायचाय. तोवर ऐकत राहा, खेळत राहा. भेटू पुढच्या भागात.